पाठराखीण आणि चौकशी करणारी

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

सकाळच्या सत्रात तुमच्यापैकी एकीने विचारलं, "सरकारी ऑफिसातल्या बाईने साहेबाविरुद्ध तक्रार केली, समिती बसली, चौकशी लागली. मग तिचा वकील कोण?" प्रश्न साधा आहे. पण त्याचं उत्तर द्यायचं तर मला माझ्या हातून झालेली एक चूक सांगावी लागेल. मला दिलेला विषय आहे 'सरकारी यंत्रणेतल्या गैरवर्तनाची चौकशी'. त्याची सुरुवात मी याच प्रश्नापासून करते.

सरळ उत्तर असं की तिचा वकील कोणीच नसतो.

प्रकरण पोलिसात गेलं आणि फौजदारी कोर्टात उभं राहिलं, तर तिथला सरकारी वकील राज्याचा असतो. खटला 'राज्य विरुद्ध आरोपी' असा चालतो आणि बाई त्यात साक्षीदार असते. २००९च्या अखेरीपासून पीडितेला आपला वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देता येतो, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती सोय आहे. पण खटल्याची सूत्रं सरकारी वकिलाच्याच हातात राहतात.

विभागीय चौकशीत तर हे आणखी स्पष्ट आहे. तिथे भांडण शासन आणि त्याचा कर्मचारी यांच्यातलं असतं. आपल्याकडे महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत. त्यांच्या भाषेत साहेब हा 'अपचारी', चौकशी घेणारा 'चौकशी अधिकारी' आणि शासनाची बाजू मांडणारा 'सादरकर्ता अधिकारी'. हा सादरकर्ता अधिकारी खात्यातला असू शकतो किंवा वकीलही असू शकतो. दोषारोप सिद्ध करणं हे त्याचं काम. बाई साक्षीदारांच्या यादीतलं एक नाव असते, बहुतेक वेळा पहिलं.

शिक्षा झाली आणि साहेब महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात गेला, तर तिथला सरकारी वकील शासनाच्या आदेशाचा बचाव करतो. त्या दाव्यात बऱ्याचदा बाईला प्रतिवादीही केलेलं नसतं. आपल्याबद्दल काय बोललं गेलं ते तिला नंतर कोणाकडून तरी कळतं.

राहिली आपली अंतर्गत समिती. २०१३च्या कायद्याने प्रत्येक कार्यालयात ती असायला हवी. अध्यक्ष ज्येष्ठ स्त्री अधिकारी, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेची. ही बाहेरची सदस्य म्हणजे तुमच्यामाझ्यासारखी कोणीतरी. कार्यालयातल्या बाईला वाटतं की निदान ही तरी माझी. आपल्यालाही तसंच वाटतं. माझी चूक तिथेच झाली.

ती चूक सांगण्याआधी, ही खुर्ची आपल्याला कशी मिळाली ते आठवूया. १९९२ साली राजस्थानातल्या भटेरी गावात भंवरीदेवीवर बलात्कार झाला. ती सरकारच्या महिला विकास कार्यक्रमातली साथिन होती आणि बालविवाह थांबवण्याचं सरकारी काम करत होती. काम सरकारचं होतं, पण ते करताना झालेल्या अत्याचाराची जबाबदारी घ्यायला सरकार तयार नव्हतं. त्यातून स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट १९९७मध्ये विशाखा निकाल लागला. समितीत बाहेरच्या संस्थेची व्यक्ती असावी असं त्या निकालात सांगितलं आहे आणि त्याचं कारणही दिलं आहे. वरिष्ठांचा दबाव समितीवर येऊ नये, हे ते कारण. म्हणजे आपल्याला तिथे बसवलं ते दबाव थोपवण्यासाठी.

पुढे बरीच वर्षं असं चाललं की समिती अहवाल द्यायची आणि खातं म्हणायचं, "हा प्राथमिक अहवाल, आता आम्ही नियमाप्रमाणे विभागीय चौकशी लावतो." बाईने तीच साक्ष पुन्हा पहिल्यापासून द्यायची. पुण्याच्या 'आलोचना' केंद्राच्या मेधा कोतवाल लेले यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याची याचिका झाली. २००४मध्ये न्यायालयाने आदेश दिला की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानावा. २०१२च्या अंतिम निकालात ते पुन्हा बजावलं गेलं.

ही आपल्या चळवळीची मोठी कमाई आहे. पण तिचा एक अर्थ आपण नीट लक्षात घेतलेला नाही. समितीचा अहवाल हाच चौकशीचा अहवाल असेल, तर समिती हीच चौकशी अधिकारी झाली. चौकशी अधिकाऱ्याला जे नियम लागू ते आपल्यालाही लागू. पूर्वी समितीकडून काही चुकलं तर पुढच्या चौकशीत सावरता यायचं. आता आपण चुकलो तर ती चूक थेट बाईच्या पदरात पडते.

आता माझी गोष्ट सांगते. कायद्याच्या कलम १६प्रमाणे तिची किंवा त्याची ओळख पटेल असं काहीही मला सांगता येत नाही, आणि सांगायचंही नाही. म्हणून ठिकाण आणि खातं दोन्ही वगळते.

एका सरकारी कार्यालयात ती कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर होती. करार ११ महिन्यांचा, दर वेळी साहेबाच्या शिफारशीवर वाढणारा. तक्रार साहेबाविरुद्धच. कार्यालय सुटल्यावर केबिनमध्ये बोलावणं, करार वाढवण्याच्या बोलण्यात नको ते बोलणं, आणि एका संध्याकाळी हात धरणं. मी त्या समितीची बाहेरची सदस्य. नियमाप्रमाणे या कामाचे दिवसाला २०० रुपये आणि प्रवासखर्च मिळतो. पैशांसाठी हे काम कोणी करत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. समाजकार्याचं शिक्षण घेताना मी शिकले होते की आधी बाईचा विश्वास मिळवायचा. संघटनेत शिकले होते की बाई बोलते तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवायचा. दोन्ही गोष्टी मी आजही मानते.

तक्रार आल्यावर दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले. तिच्या सासूने चहा केला. नवरा दाराशी उभा होता आणि त्याचं म्हणणं होतं, "कशाला पाहिजे होतं हे?" सासू मात्र म्हणाली, "ती खोटं बोलणारी नाही." मी तिला म्हटलं, "काळजी करू नकोस, आम्ही आहोत तुझ्या पाठीशी." मग तिने मला सगळं सांगितलं. तासभर बोलली, रडली. मी परत निघाले तेव्हा आपण चांगलं काम केलं असं मला वाटत होतं.

तीन आठवड्यांनी समितीसमोर तिची साक्ष झाली. एवढ्या लोकांसमोर ती थरथरत होती. सांगताना तिच्याकडून एक प्रसंग राहून गेला. मला तो माहीत होता. मी न राहवून म्हटलं, "अगं, ते घरी मला सांगितलंस ना, रजेच्या अर्जाच्या वेळचं, ते सांग की." तिने सांगितलं. रोजनामा लिहिणाऱ्या लिपिकाने माझं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. ते त्याचं कामच होतं.

रोजनाम्याची प्रत साहेबाला मिळाली. आठ दिवसांत त्याचा अर्ज आला. समितीच्या एका सदस्याने तक्रारदाराची घरी जाऊन खासगीत भेट घेतली, आधी जबाब ऐकला आणि साक्षीच्या वेळी तिच्या तोंडी वाक्य घातलं, सबब ही चौकशी पक्षपाती आहे. अर्ज सुबक होता. कोणा जाणकाराने लिहून दिलेला असणार. पण त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

मला खूप राग आला. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की बघा, नियमांच्या आड लपतोय. त्या रागातच मी एका ओळखीच्या वकीलबाईंकडे गेले. त्या अनेक वर्षं सरकारी वकील आहेत आणि विभागीय चौकश्यांत त्यांनी शासनाची बाजू मांडलेली आहे. आपलंच ऑफिस, आपल्याच लोकांची साक्ष आणि समोर आपलाच वरिष्ठ, अशा चौकश्या त्यांनी केल्या आहेत. त्या माझ्या बाजूने बोलतील असं मी धरून चालले होते.

त्यांनी कागद वाचले आणि विचारलं, "तुम्ही तिच्या घरी कोण म्हणून गेला होतात?"

मी म्हटलं, "कार्यकर्ती म्हणून."

"आणि समितीत कोण म्हणून बसता?"

मला उत्तर सुचलं नाही.

मग त्या म्हणाल्या, "मी शासनाची वकील आहे, तिची नाही. हे मी प्रत्येक बाईला पहिल्याच दिवशी सांगते. वाईट वाटतं तिला. पण मी तिची आहे असं खोटं सांगितलं, तर माझ्या पहिल्याच प्रश्नाला तिचा विश्वास तुटतो. कारण मला तिलाही अवघड प्रश्न विचारावे लागतात. ते मी विचारले नाहीत तर समोरचा विचारणार, आणि तो माझ्यासारखे विचारणार नाही."

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती कामाची होती. "आधी कागद बघायचे, मग माणसं. माणसं नोकरीला घाबरतात. कागद घाबरत नाही. तुम्ही हजेरीपट मागवला का? आवक-जावक नोंदवही? गाडीचं लॉगबुक?"

आम्ही यातलं काहीच मागवलं नव्हतं. आम्ही तिच्या शब्दावर विसंबून होतो आणि तो त्याच्या शब्दावर. त्याचं म्हणणं होतं की त्या संध्याकाळी तो दौऱ्यावर होता. दौरा दैनंदिनीत तशी नोंदही होती. समितीला साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार कायद्याने दिले आहेत. ते अधिकार आम्ही वापरलेच नव्हते.

मी समितीतून त्या प्रकरणापुरती बाजूला झाले. माझ्या जागी दुसऱ्या संस्थेची सदस्य नेमावी असं मीच लिहून दिलं. तिची साक्ष पुन्हा झाली. हे सांगताना मला अजून लाज वाटते. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला, तक्रारीत, मला घरी, समितीसमोर आणि आता पुन्हा समितीसमोर, असं तिने ते पाच वेळा सांगितलं. पाचव्या वेळचं कारण मी होते.

नव्या सदस्याने लॉगबुक मागवलं. त्या दिवशी गाडी संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी कार्यालयात परत आल्याची नोंद होती, खाली चालकाची सही. दौरा दैनंदिनी साहेब स्वतः भरतो, लॉगबुक चालक भरतो. शिपायाने तोपर्यंत "मला काही आठवत नाही" एवढंच सांगितलं होतं. लॉगबुक समोर ठेवल्यावर तो म्हणाला, "हो, साहेब आले होते. मला चहा आणायला पाठवलं होतं." त्या माणसाला मी खोटारडा म्हणणार नाही. कागदाचा आधार मिळाला तेव्हा त्याला खरं बोलणं परवडलं.

समितीने दोषारोप सिद्ध धरला. वेतनवाढ रोखली गेली, बदली झाली. तिचा करार मात्र मधल्या काळात संपला. अध्यक्षबाईंनी दोनदा लेखी पाठपुरावा केला तेव्हा दोन महिन्यांच्या खंडानंतर तो पुन्हा मिळाला. त्या दोन महिन्यांचा पगार तिला मिळाला नाही. साहेब न्यायाधिकरणात गेला आहे आणि निकाल यायचा आहे. तिथे सरकारी वकिलाच्या हातात आता एक फाईल आहे. त्या फाईलमध्ये मी नाही, लॉगबुक आहे, याचं मला समाधान वाटतं.

माझी चूक वेळेत सापडली. ती सापडली नाही तर काय होतं, याचं उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्यातलं आहे. २००९मध्ये गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. विद्यापीठाच्या समितीने चौकशी केली, अहवाल दिला आणि २०१०मध्ये त्याला बडतर्फ केलं गेलं. २०१२मध्ये उच्च न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. आणि १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे सगळं रद्द केलं. तक्रारी खोट्या आहेत असं न्यायालय म्हणालं नाही. समितीने शेवटच्या टप्प्यात सुनावण्या घाईघाईने उरकल्या, त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून चौकशी ५ मे २००९ रोजी जिथे होती तिथून पुन्हा सुरू करा, असा आदेश झाला. तक्रारदार मुलींना न्याय देण्याच्या धडपडीत समितीने त्यांचंच जास्त नुकसान केलं, अशा अर्थाचं न्यायालयाने म्हटलं.

मैत्रिणींनो, १४ वर्षं. ज्या मुली २००९मध्ये शिकत होत्या त्या आज कुठे असतील? नोकरीत, संसारात, कदाचित परदेशात. त्यांना पुन्हा बोलावून विचारायचं की त्या दिवशी काय झालं होतं? समितीतल्या लोकांचा हेतू वाईट नसणार. तो हेतू आपल्यासारखाच असणार. म्हणूनच हा निकाल वाचताना मला झोप लागली नाही.

आता उलट उदाहरण सांगते. दिल्लीच्या एका निर्यात प्रोत्साहन परिषदेतलं हे प्रकरण आहे. १९८८मध्ये अध्यक्षांच्या खासगी सचिवाने एका टंकलेखिकेला हॉटेलात काम असल्याचं सांगून नेलं आणि तिच्याशी लगट करण्याचा प्रयत्न केला. चौकशी होऊन त्याला काढलं गेलं. दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं की प्रत्यक्ष स्पर्श झालाच नाही, फक्त प्रयत्न होता, मग एवढी शिक्षा कशाला? १९९९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. लैंगिक छळाला प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असं नाही, हे त्यात सांगितलं, ते आपल्याला पाठ आहे. पण त्याच निकालात आणखी एक गोष्ट आहे. चौकशी नियमाप्रमाणे झाली असेल आणि निष्कर्षाला पुराव्याचा आधार असेल, तर वरच्या न्यायालयाने पुराव्याचं वजन पुन्हा करत बसू नये. म्हणजे चौकशी नीट झालेली होती म्हणून त्या बाईला ११ वर्षांनी न्याय मिळाला. त्या वेळी विशाखा नव्हतं, २०१३चा कायदा नव्हता. नीट केलेली चौकशी होती.

इथे तुमच्यापैकी काहीजणींच्या मनात प्रश्न येईल, आणि तो यायलाच हवा. निःपक्षपातीपणाच्या नावाखाली आजवर बाईवरच अन्याय झाला. १९७२मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत मथुरावर बलात्कार झाला, आणि तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत म्हणून सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडलं. तेही स्वतःला निःपक्षपातीच म्हणवत होते. मग आता आपणही तराजू घेऊन बसायचं का?

माझं उत्तर असं. एकीकडे सत्ता आणि दुसरीकडे ११ महिन्यांचा करार, हे न पाहता दोघांना सारखंच मोजणं म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे. त्याला मी डोळेझाक म्हणते. कंत्राटी बाईने चार महिने तक्रार का केली नाही, हे समजून घेणं पुराव्याचाच भाग आहे. कायद्यात तीन महिन्यांची मुदत आहे आणि कारण लेखी नोंदवून आणखी तीन महिने वाढवता येते, ती याचसाठी. तिचे कपडे, तिचं बोलणं-हसणं, तिचं घरचं भांडण यांचा तक्रारीशी संबंध नाही आणि ते प्रश्न अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवले पाहिजेत. फौजदारी कोर्टासारखा संशयातीत पुरावा इथे लागत नाही. काय घडलं असण्याची शक्यता जास्त, एवढंच बघायचं असतं. आणि आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी ठरत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे. हे सगळं आपण समितीत ठामपणे मांडायचं. आपली स्त्रीवादी दृष्टी दाराबाहेर ठेवून आत जायचं नाही. ती प्रश्नात असावी, पुरावा वाचण्यात असावी. पण निष्कर्ष चौकशीच्या आधी ठरलेला नसावा. त्याचं म्हणणं पूर्ण ऐकायचं, त्याला कागद द्यायचे, उत्तराला मुदत द्यायची. हे त्याच्यावर उपकार म्हणून नाही. पुढे न्यायाधिकरणात त्याच्या वकिलाला बोट ठेवायला जागा मिळू नये, म्हणून.

आणि हे तिला त्रास न देता करता येतं. रांचीच्या राजेंद्र मेडिकल कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात काही विद्यार्थी घुसले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७३मध्येच मान्य केलं की नैसर्गिक न्याय म्हणजे प्रत्येक वेळी मुलींना त्यांच्यासमोर उभं करून उलटतपासणी घेणं नव्हे. आमच्या प्रकरणात दुसऱ्या वेळी साहेबाकडून प्रश्न लेखी घेतले, अध्यक्षांनी ते वाचून तिला विचारले, तो दुसऱ्या खोलीत होता. त्याचा हक्क राहिला आणि तिला त्याच्याकडे बघत उत्तर द्यावं लागलं नाही.

आता सकाळच्या प्रश्नाकडे परत येते. तिचा वकील कोणीच नसतो, हे खरं. म्हणूनच तिला पाठराखीण लागते. माझं आजचं एकच म्हणणं आहे: पाठराखीण आणि चौकशी करणारी या दोन वेगळ्या बायका असल्या पाहिजेत. दोन्ही कामं आपल्यालाच करायची आहेत, पण एकाच प्रकरणात एकाच बाईने नाही.

म्हणून काही गोष्टी सुचवते. आपापल्या गटात त्यावर बोला.

ज्या मैत्रिणी समित्यांवर बाहेरच्या सदस्य आहेत त्यांनी त्या प्रकरणातल्या बाईला एकटीने भेटू नये, फोनवरही प्रकरणाबद्दल बोलू नये. तिचा फोन आला तर तिला संघटनेतल्या दुसऱ्या मैत्रिणीचं नाव द्यावं आणि 'मी चौकशी करणारी आहे म्हणून बोलत नाही, तुझ्यावर अविश्वास आहे म्हणून नाही' हे स्पष्ट सांगावं. हे एक वाक्य मी तिला सांगितलं असतं तर तिला दुसऱ्यांदा साक्ष द्यावी लागली नसती.

संघटनेने प्रत्येक प्रकरणात एक पाठराखीण ठरवावी. समितीसमोर वकील आणता येत नाही, असं नियम सांगतो. पण तक्रार लिहायच्या आधी बाईला वकिलाचा किंवा जाणत्या कार्यकर्तीचा सल्ला घेता येतो. तारखा, वेळा, कोण हजर होतं, कोणते मेसेज आले, हे तिच्याकडून तिच्याच शब्दांत लिहून घ्यायला मदत करावी. तक्रारीच्या सहा प्रती लागतात, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं द्यायची असतात. सुनावणीच्या दिवशी पाठराखणीने बाहेरच्या बाकावर बसावं. घरी सासूशी आणि नवऱ्याशी बोलावं. माझं त्या दिवशीचं घरी जाणं चूक नव्हतं. मी जाणं चूक होतं.

तिच्या पोटावर पाय येणार नाही, हे पहिल्याच आठवड्यात बघावं. चौकशी चालू असताना तिची किंवा त्याची बदली, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा, त्याच्याकडून तिच्या कामाचा अहवाल काढून घेणं, हे समितीकडे लेखी मागता येतं. कंत्राटी बाईच्या बाबतीत कराराची तारीख कधी संपते हे आधी विचारा. आम्ही ते विचारलं नाही, दोन महिन्यांचा पगार गेला.

समितीने आधी कागद मागवावेत. हजेरीपट, लॉगबुक, नोंदवह्या, सीसीटीव्हीचं चित्रण. चित्रण थोड्या दिवसांत पुसलं जातं, म्हणून तक्रार आली त्याच दिवशी ते जपून ठेवण्याचं पत्र द्यावं. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. शेवटच्या आठवड्यात दहा सुनावण्या उरकायच्या नसतील तर पहिल्या आठवड्यापासून काम करावं लागतं.

आणि शेवटी, अहवाल गेल्यावर आपलं काम संपत नाही. मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची असते. न्यायाधिकरणात प्रकरण गेलं तर तारखा काढाव्यात, सरकारी वकिलांना भेटून फाईल पूर्ण पोचली का ते विचारावं. त्या तिच्या वकील नाहीत, पण त्यांच्या हातात तिचा शब्द आहे.

मागच्या महिन्यात ती मला बाजारात भेटली. आता मला तिच्याशी बोलायला हरकत नव्हती. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, तुम्ही समिती सोडली तेव्हा मला वाटलं, तुम्हीपण गेलात. मला कोणी सांगितलंच नाही का ते." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पुढच्या वेळी कोणाचं असलं काही आलं, तर मला बोलवा. मी बाहेर बाकावर बसेन तिच्यासोबत."

तिचं नाव मी आमच्या गटाच्या वहीत लिहून घेतलं आहे, पाठराखणींच्या यादीत. तुमच्या गटात ही यादी आहे का, ते जेवणानंतर गटचर्चेत सांगा.